सोपाननाना आणि एकाच स्पीडचा ट्रक

आम्ही उदगीरकडून चिखलीला राहायला आलो, तेव्हा माझ्या वडिलांना चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, पत्र्याचे सुटे भाग दाबून काढतात तिथे, कंत्राटी काम होतं. कंत्राटी म्हणजे सात महिने काम आणि मग ब्रेक. ब्रेक लागला की आमच्या घरात भाजी बंद व्हायची आणि जेवणाच्या वेळी कुणी आलं तर आई सांगायची, आज माझा उपवास आहे. आमच्या घरात इतके उपवास होत की चाळीतल्या बाया आईला फार देवभोळी समजायच्या. एकीने तर तिला व्रतांचं पुस्तक आणून दिलं. आईला वाचता येत नव्हतं. तिने ते पिठाच्या डब्याखाली टेकू म्हणून लावलं.

चौघांत एक पत्र्याची खोली. खोलीबाहेर नळ, नळापलीकडे सगळ्या चाळीत मिळून एक संडास, आणि त्या संडासात एक घंटी.

घंटी बसमधली होती, कंडक्टर दोरी ओढून वाजवतो ती. आत गेलं की दोरी एकदा ओढायची, टण्. म्हणजे गाडी थांबली आहे. बाहेर पडताना दोनदा, टण् टण्. म्हणजे चला, पुढचा. दाराची कडी तुटली होती आणि नवी कडी लावण्याऐवजी मालकांनी ही योजना केली होती. आईने पहिल्याच दिवशी पदर सावरत तक्रार केली, तेव्हा मालक म्हणाले, "ताई, कडी निस्ती आतल्या मान्साला कळती. घंटी समद्या चाळीला कळती."

आईची तक्रार तीच होती.

मालकांचं नाव सोपाननाना. मी तेव्हा शाळेत होते. आता मी बी.कॉम. आहे, आणि चाकणच्या एका कंपनीच्या खरेदी विभागात बसते. आईच्या आणि वडिलांच्या, दोन्ही घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मधूनमधून सांगते. ज्यांच्या घरी पदव्यांना भिंत पुरत नाही, त्यांनी तेवढं वाक्य सोडून पुढे वाचावं. माझा निकाल लागला त्या दिवसापासून नाना मला 'बीकॉम' अशीच हाक मारतात. "ए बीकॉम, हिकडं ये जरा. ह्यो पाना धर." लोक विचारतात, तुला राग येत नाही? कशाला येईल? आमच्या घराण्यात आजवर सगळ्यांना 'ए' आणि 'अरे' अशाच हाका मिळाल्या. पदवीने हाक कुणाला मिळाली होती?

नाना मूळचे चिखलीचे. त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी जमिनी विकल्या, गळ्यात साखळ्या घातल्या आणि ते फ्लेक्सवर गेले. नानांनीही बरीच विकली. उरलेल्या जागेत त्यांनी चाळ बांधली आणि चाळीच्या मधोमध, जिथे दुसऱ्या कुणीही आणखी चार खोल्या काढल्या असत्या, तिथे एक बंद पडलेला ट्रक ठेवला.

पण ट्रकच्या आधी नानांचा सिद्धांत सांगायला हवा. तो असा, की कुठलीही वस्तू कुठेही बसते. "जगात न बसनारं काय बी न्हाई. बसवनारा पायजे." थोडक्यात सांगायचं तर "बसतंय की." आमच्या नळाला नानांनी रिक्षाचा मीटर बसवला होता. मीटर चालू नव्हता, पण बाया त्याच्याकडे बघून हंडा जरा लवकर बाजूला घ्यायच्या. माडीच्या जिन्याला कठडा म्हणून स्कूटरचं हँडल होतं, ब्रेकसकट. उतरताना पोरं ब्रेक दाबत उतरायची. नानांच्या घरात भिंतीला एका बसच्या रेडिएटरचा पंखा होता. तो लावला की फोटोतले देव हलायचे आणि दुधावरची साय एका बाजूला जायची. नानी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "ह्येंच्या घरात मी बसले तेवढी एक नीट बसले. बाकी समदं डुगडुगतंय."

आमच्या कंपनीत एक नट घ्यायचा तरी तीन कोटेशनं मागवतात, त्यावर चार साहेब सह्या करतात, आणि मग तो नट आला की बसत नाही. नाना भंगारच्या दुकानात वस्तू कानापाशी नेऊन टिचकी मारतात आणि घेऊन येतात. तीही बसत नाही. फक्त नाना तिला बसवतात, आणि आम्ही परत कोटेशनं मागवतो.

तर ट्रक. तो नानांच्या वडिलांनी घेतलेला, पिंपरीत पहिल्या कारखान्यांच्या भिंती उठत होत्या तेव्हाचा. लांब नाक, गोल दिवे, दोन्ही बाजूंना फुगलेले मडगार्ड. समोरून पाहिलं तर एखादा खाष्ट मामा डोळे उघडे ठेवून झोपलाय असं वाटावं. चिखलीच्या भट्ट्यांवरच्या विटा त्याने कारखान्यांवर नेऊन टाकल्या. "पिंपरी कुनी हुबी केली? ह्या गाडीनं," नाना सांगायचे. मधे गवंडी, इंजिनिअर, सरकार वगैरे मंडळी होती, पण त्यांना ते धरत नसत.

ट्रक पेट्रोलवरचा होता. त्याचं इंजिन मला आठवतं तेव्हापासून फुटलेलं. तरी त्याचा मान मोठा. त्याच्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत. त्याच्याकडे पाय करून झोपायचं नाही. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार आणि पुढच्या चाकाखाली लिंबू. इतरांच्या गाड्या लिंबू चिरडून पुढे जातात. हा कुठे जाणार? संध्याकाळ झाली की नानी लिंबू काढायच्या, धुवायच्या आणि सरबत करायच्या. चाळीत ते ट्रकचं सरबत म्हणून मिळे.

नानांचा मुलगा प्रशांत. घरात प्रशांत, फ्लेक्सवर प्रशांतभाऊ. फ्लेक्सवर तो फोन कानाला लावून गंभीर चेहऱ्याने उभा असतो, जणू पलीकडून दिल्ली बोलतेय. बहुतेक वेळा पलीकडे फ्लेक्सवालाच असायचा. प्रशांतने एक बिल्डर आणला. चाळ पाडून टॉवर. टॉवरचं नाव इंग्रजी, त्यात 'ग्रीन' असा शब्द. आमच्या आवारात झाड एकच होतं, शेवग्याचं, आणि नकाशात त्याच्या जागी जनरेटर होता.

आम्ही तोवर पलीकडच्या गल्लीत फ्लॅटमध्ये राहायला गेलो होतो. फ्लॅट माझ्या नावावर, हेही सांगून टाकते. पण कंपनीची बस सोडली की माझे पाय आधी नानांच्या ओट्याकडे वळायचे, त्यामुळे ती बोलणी माझ्यासमोरच झाली.

"नाना, ट्रकचं काय करायचं?" प्रशांत म्हणाला.

"टावरच्या पार्किंगात लावू."

"पार्किंगमध्ये तो बसत नाही."

कुणी कुळावर बोलल्यासारखं नानांनी पाहिलं. "बसतंय की."

"छताला लागतो, नाना. बिल्डर म्हणतोय भंगारवाला पाठवतो. गॅस कटरने एका दुपारचं काम आहे."

आतून नानींचा आवाज आला. "त्याचं तुकडं करायच्या आधी दुसऱ्या कुनाला तरी बाप म्हन, आन् मंग ह्यांच्याकडं ये."

 मग प्रशांतनेच तोडगा काढला, कारण त्याला नेता व्हायचंय आणि नेत्याला तोडगा काढावा लागतो. रस्त्याच्या पलीकडे नानांची एक चिंचोळी जागा होती, बिल्डरच्या कामाची नव्हती. दसऱ्यापर्यंत ट्रक स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर पडून तिथे गेला, तर नाना असेपर्यंत तो तिथे राहील आणि प्रशांत अवाक्षर काढणार नाही. नाही गेला तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कटर.

"क्रेन नाही," प्रशांत म्हणाला. "ट्रॅक्टरने ओढायचा नाही. पोरांना वडापाव देऊन ढकलायचा नाही."

"आपल्या पायानं जाईल तो," नाना म्हणाले.

प्रशांतने खुशीत चहा मागितला. त्याला वाटलं, मिटलं.

पेट्रोलचं तसलं इंजिन आता मिळणार नव्हतं, म्हणून डिझेलचं बसवायचं ठरलं. गल्लीच्या तोंडाशी पोपटचं गॅरेज. पोपट बार्शीचा, हाताने चांगला मेकॅनिक आणि तोंडाने नावाला जागणारा. तो, नाना आणि मी कुदळवाडीच्या भंगार बाजारात गेलो. मी एवढ्यासाठी, की सोबत खरेदी विभागातलं माणूस असावं. तिथे एका टेंपोचं धडधाकट इंजिन होतं. पोपट त्याच्याभोवती नवरी बघावी तसा फिरला. नानांनी तिकडे पाहिलंही नाही. ते कोपऱ्यातल्या एका हिरव्या इंजिनापाशी उभे राहिले आणि त्याला टिचकी मारली.

"ह्ये घ्यायचं."

"नाना, हे जनरेटरचं हाय," पोपट म्हणाला. "मंगल कार्यालयातलं. गाडीचं न्हाई."

"मंग?"

"ह्याला एकच स्पीड असतोय. लग्नात लाईट फुगू नये, मिचकू नये म्हणून बांधून ठेवल्यालं असतंय. टेकाड आलं तरी तेवढाच, उतार आला तरी तेवढाच. तुम्ही पाय दाबा न्हाईतर नाचा त्याच्यावर."

"मान्सानं बी तसंच चालावं."

"आवो, ते टेंपोचं बगा की. सरळ बसतंय."

"सरळ बसनारं बसवायला तुला कशाला आनलं असतं?"

पोपटकडे याला उत्तर नव्हतं, आणि पोपटकडे उत्तर नसणं ही घटना गल्लीत दोन दिवस चर्चेत होती.

इंजिन आलं. ते जुन्या गिअरबॉक्सला जुळेना, तेव्हा पोपटने लेथवर एक जाड प्लेट करून मधे घातली. इंजिन जड निघालं, तर ट्रकचं नाक खाली गेलं. तो नव्या नवरदेवासारखा सगळ्यांच्या पाया पडतोय असं दिसायला लागलं. पुढच्या चाकांवर स्प्रिंगचे आणखी पाटे चढवून त्याला सरळ उभा केला. इंजिन उंच निघालं, बॉनेट बसेना. नानांनी बॉनेटला भोक पाडलं आणि तिथून इंजिनाचं डोकं बाहेर काढलं. "त्याला बी हवा लागू दे."

इथवर ठीक होतं. पुढे नानांनी जे सुरू केलं त्याने चाळीची खात्रीच पटली की म्हाताऱ्याचा एक पाटा सरकलाय. त्यांनी एक्सलेटरचं पायडल काढून फेकून दिलं. ड्रायव्हरच्या शेजारच्या बाजूला एक जास्तीचा ब्रेक बसवला, मोटार ट्रेनिंगच्या गाडीत गुरुजींच्या पायाखाली असतो तसा. चाकणहून फोर्कलिफ्टच्या स्टिअरिंगवरची गोल मूठ आणली आणि ती ट्रकच्या स्टिअरिंगवर लावली, तीही डावीकडे. आणि शेवटी ड्रायव्हरची सीट उपटून तिथे बसवली न्हाव्याची खुर्ची. गोल फिरणारी, मागे डोकं टेकायला उशी असलेली.

"नाना ट्रक चालवत चालवत दाढी करणार," प्रशांत फोनवर कुणाला तरी सांगत होता.

मीही हसले. खरेदी विभागात राहून मला एवढं कळतं की ज्या गाडीला पायडल कमी आणि ब्रेक जास्त, ती गाडी घेणाऱ्याचा विश्वास गाडीवर नाही. मी तसं नानांना म्हटलं. ते म्हणाले, "बीकॉम, तुझं बरुबर हाय. ह्यो पाना धर."

पहिल्यांदा इंजिन चालू केलं तो दिवस गणपतीनंतरचा. पोपट एक तार आणायला बाजारात गेला होता. कसली तार, ते तो सांगत होता, पण त्याआधी तो इतकं काही सांगत होता की कुणी ऐकलं नाही. नानांना दम निघेना. त्यांनी किल्ली फिरवली. ट्रक एकदा खोकला, दोनदा खोकला, आणि मग जो आवाज आला त्याने शेवग्याच्या शेंगा पडल्या. सायलेन्सर अजून लावायचा होता. खोल्यांमधून माणसं बाहेर आली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. नानांनी हात जोडले, आमदार जोडतात तसे, आणि किल्ली बंद केली.

इंजिन चालूच.

नानांनी किल्ली काढून घेतली. चालूच. किल्ली खिशात घातली. इंजिनाला त्याचं काही नाही. एकाने बॅटरीची वायर उपटली. तरी ते आपलं एकाच स्पीडला, लग्न लागल्यासारखं. धूर माझ्या जुन्या खोलीत शिरला. संडासात बसलेल्या माणसाने घाबरून घंटी वाजवली, एकदा, दोनदा, मग सारखीच.

मी पोपटला फोन लावला. "पोपट, बंद होत नाही."

"कोण बंद होत न्हाई?"

"इंजिन."

"ताई, डिझेल हाय ते. किल्लीनं कसं बंद होईल? त्याला ठिणगी लागतच न्हाई. बंद करायची दांडी असती, तिचीच तार आणायला आलोय. सकाळपासून तेच सांगायलोय."

"आता काय करायचं ते सांग."

"डिझेल तोडा, न्हाईतर हवा तोडा."

मी ओरडून नानांना सांगितलं. नानांनी इकडेतिकडे पाहिलं, दोरीवरची नानींची वाकळ ओढली, तिचा गोळा केला आणि इंजिनाच्या हवेच्या नळीत कोंबला. इंजिनाने अर्धी वाकळ आत ओढली, सगळा ट्रक थरथरला, आणि गप्प झाला.

त्या शांततेत नानी ओट्यावर आल्या. "माझ्या आयनं शिवल्याली वाकळ हाय ती."

"चाळ वाचली की," नाना म्हणाले.

"चाळ पडनारच हाय. वाकळ ऱ्हायची हुती."

त्यानंतरच्या शुक्रवारी नाना मला म्हणाले, "बीकॉम, रहाटणीला सोड की स्कूटरवर. बस लई फिरवती." दर शुक्रवारी ते रहाटणीला जायचे हे ठाऊक होतं. स्पेअर पार्टवाला असेल, असं सगळे धरून चालले होते. खिशात मोजायची टेपही होती.

पार्टवाला नव्हता. एक जुनी इमारत होती, लिफ्ट नसलेली, आणि नाना गुडघ्यावर हात ठेवत पार वरच्या मजल्यावर चढले. दार एका बाईने उघडलं. ती शबाना, त्या घरची सून. आत खिडकीशी खुर्चीत एक म्हातारा बसला होता, नानांहूनही म्हातारा. उजवा हात मांडीवर ठेवलेला, ठेवला तसाच. हे इब्राहिमभाई. नानांच्या वडिलांच्या काळात तो ट्रक हेच चालवायचे. आणि वडिलांनी मालकाच्या पोराला, म्हणजे नानांना, त्यांच्या हाताखाली क्लीनर म्हणून पाठवलं होतं, गाडीवर ड्रायव्हर मालक असतो हे शिकायला. काही वर्षांपूर्वी इब्राहिमभाईंची उजवी बाजू अर्धांगाने गेली. तेव्हापासून दवाखाना सोडला तर ते जिना उतरले नव्हते.

"आलास? चप्पल बाहेर काढलीस का?" त्यांचं बोलणं जड होतं, पण दरारा शाबूत होता.

"काढली."

"ही कोण?"

"ही बीकॉम."

"पोरीचं नाव विचारलं मी."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं. मी माझं नाव सांगितलं.

नाना खाली बसले, टेप काढली आणि इब्राहिमभाईंच्या कमरेपासून डाव्या टाचेपर्यंत माप घ्यायला लागले. मग खांद्यापासून डाव्या पंजापर्यंत. शबाना चहा ठेवायला गेली. तिला हे नवीन नव्हतं.

"दर जुम्म्याला येतो आणि माप घेतो," इब्राहिमभाई मला म्हणाले. "कफन शिवतोस काय रे सोप्या?"

"तुझ्या कफनाला एवढं माप कशाला? खुर्ची पुढं घ्यायची का मागं, ते बघतुय."

"कसली खुर्ची?"

"न्हाव्याची. फिरती हाय. दारात बसायचं, आन् फिरायचं आत. पाय उचलायलाच नको."

"मी येणार नाही, सांगितलंय ना तुला. हा हात मेलाय. हा पाय मेलाय. अर्धा माणूस गाडी चालवतो का कुठं?"

"अर्धाच पायजे," नाना टेप गुंडाळत म्हणाले. "अर्धा मी हाय. उजव्या पायाला कामच ठेवलं न्हाई. इंजिन आपलं आपलं पळतंय, दाबायचं काय न्हाई. ब्रेक माझ्याकडं. गिअर मी टाकतू. तू डाव्या पायानं क्लच दाब आन् डाव्या हातानं मूठ धर."

इब्राहिमभाई खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं त्यांना भरून आलं. मग ते म्हणाले, "तू गिअर टाकणार? तुला गिअर कधी टाकता आला?"

येणार की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. चहा झाला आणि आम्ही निघालो.

परत येताना नाना मागे बसले होते. काळेवाडीच्या सिग्नलला गाडी थांबवली तेव्हा बोलले. "आय गेली. थोरला भाव गेला. मला सोप्या म्हननारा ह्यो येकच ऱ्हायलाय. बाकी समदे नाना, नाना. नानाला काय, कुनी बी खोली मागतंय." सिग्नल सुटला. मागचा हॉर्न वाजवायला लागला. "मधी सालभर त्येची वाचा गेली हुती, तवा मला कुनी हाकच मारली न्हाई."

मी गाडी हळू चालवली. अशा वेळी काय बोलावं, ते बी.कॉम.ला शिकवत नाहीत.

दसऱ्याला ट्रक धुऊन, नवा गुलाबी रंग लावून उभा होता. पोपटने बंद करायची दांडी बसवली होती आणि ती कशी ओढायची हे तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. हार घातला, नारळ फोडला, लिंबू ठेवलं. बिल्डरचा माणूस आला होता. प्रशांत घड्याळ बघत होता. आणि नाना ड्रायव्हरच्या बाजूला चढायचं सोडून पलीकडच्या बाजूला, त्या जास्तीच्या ब्रेकपाशी, जाऊन बसले.

"नाना, चालवा ना," प्रशांत म्हणाला. "तेवढा रस्ता ओलांडा आणि मोकळे व्हा."

"मी क्लीनर हाय. डायवर यायचाय."

"कोण ड्रायव्हर?"

नानांनी फाटकाकडे पाहिलं. जेवणं झाली. सोनं वाटून झालं. बिल्डरचा माणूस दोनदा निघतो म्हणाला. नानी ओट्यावर बसून राहिल्या. ऊन कलायला लागलं, तरी नाना केबिनमधून उतरले नाहीत. प्रशांत खिडकीपाशी गेला आणि या वेळी हळू आवाजात म्हणाला, "नाना, ते येणार नसतील तर तुम्ही चालवा. मी काही म्हणणार नाही."

"त्येच्याशिवाय गेला तरी भंगारच हाय," नाना म्हणाले.

तेवढ्यात फाटकापाशी रिक्षा थांबली. आधी शबाना उतरली. मग एक काठी. मग खाकी शर्टातले इब्राहिमभाई.

"जिना कसा उतरले?" नानींनी शबानाला विचारलं.

"बसून. एकेक पायरीवर बसत आलेत. सकाळी निघालो होतो. मधे दोन मजल्यांवर चहा झाला."

इब्राहिमभाईंनी आल्या आल्या कुणाला राम राम केला नाही. काठी टेकत त्यांनी ट्रकला फेरी घातली. "ह्या नाकाला भोक कुणी पाडलं?"

"पोपटनं," नाना आतून म्हणाले.

"नानांनी," पोपट म्हणाला.

"आणि रंग हा? पाडव्याच्या गाठीची माळ आहे का गाडी?" त्यांनी डाव्या हाताने मडगार्डवर थाप मारली आणि हात तिथेच ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "फिरव ती खुर्ची."

पोपटने आणि प्रशांतने त्यांना उचलून खुर्चीत बसवलं. खुर्ची करकरत आत फिरली. नानांनी किल्ली फिरवली. शेवग्यावरचे कावळे उडाले.

"क्लच दाबलाय," इब्राहिमभाई म्हणाले. "टाक पहिला."

गिअरबॉक्समधून दळण दळल्यासारखा आवाज आला.

"दात पाडशील गाडीचे. चाळीस वर्षं झाली तरी तुला पहिला सापडत नाही?"

"बदललंय समदं आत."

"तू नाही बदलला. परत टाक."

पडला. इब्राहिमभाईंनी क्लच सोडला आणि ट्रक हलला. तो माणसाच्या चालीने निघाला, ना कमी ना जास्त, आणि चाळीतली सगळी माणसं त्याच्या दोन्ही बाजूंनी चालायला लागली. फाटकाच्या उंबऱ्यावर तो चढला तसाच उतरला. बाहेर रस्त्यावर पाण्याचा टँकर, दोन टेंपो आणि डबेवाली पोरं असा सगळा संध्याकाळचा गोंधळ. प्रशांत धावत पुढे गेला आणि रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला. टँकरवाल्याने शिवी दिली, तर तो म्हणाला, "थांब की राव, माझा बाप चाललाय."

"मी चालवतोय," इब्राहिमभाई वरून म्हणाले.

"ते चालवतायत," प्रशांत टँकरवाल्याला म्हणाला. आणि मग मागे मागे चालत, हाताने खुणा करत, "येऊ द्या चाचा, येऊ द्या, डावीकडं अजून."

या गोष्टीचा आरटीओशी काही संबंध नाही, आणि ठेवूही नये.

ट्रक रस्ता ओलांडून पलीकडच्या जागेत गेला. नाना शेजारी बसले होते. चालवला इब्राहिमभाईंनी.